एनएचएलमधील बचावपटूंचे अदलाबदल-मूल्य : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

टोरांटो, न्यू जर्सी किंवा शिकागोच्या परिसरात स्थायिक झालेली मराठी मंडळी हळूहळू एनएचएल (नॅशनल हॉकी लीग) या उत्तर अमेरिकेतील लीगची आइस हॉकी पाहू लागतात, आणि खेळाचे नियम अंगवळणी पडले तरी फेब्रुवारी-मार्चमध्ये जोर धरणारी खेळाडूंची देवाणघेवाण त्यांना बराच काळ अनाकलनीय वाटते. त्यातही बचावपटूंचे व्यवहार सर्वांत कोड्यात टाकणारे असतात. वर्षभर गोलफलकावर फारसा न दिसलेला खेळाडू पहिल्या फेरीच्या निवडीच्या (ड्राफ्टमध्ये, म्हणजे नव्या तरुण खेळाडूंच्या वार्षिक निवडीत, पहिल्या फेरीत खेळाडू घेण्याच्या हक्काच्या) मोबदल्यात जातो आणि शंभर गुण मिळवणाऱ्याला म्हणावा तसा भाव मिळत नाही. असे का होते, याविषयी नेहमी विचारल्या जाणाऱ्या प्रश्नांची उत्तरे पुढे दिली आहेत.

एनएचएलमध्ये खेळाडूची अदलाबदल होते म्हणजे नेमके काय होते?

खेळाडू आपल्या चालू करारासह एका संघाकडून दुसऱ्या संघाकडे जातो. मोबदल्यात दुसरा संघ आपले खेळाडू, होतकरू तरुणांचे हक्क किंवा येत्या ड्राफ्टमधील निवडीचे हक्क देतो. नोव्हेंबर २०२३ मध्ये हार्दिक पंड्या गुजरात टायटन्सकडून मुंबई इंडियन्सकडे आला, तो व्यवहार पूर्णपणे रोखीचा होता. एनएचएलमध्ये खेळाडूसाठी असे रोख पैसे मोजता येत नाहीत. त्यामुळे प्रत्येक व्यवहारात वस्तूच्या बदल्यात वस्तू द्यावी लागते, आणि देणाऱ्याला जे नकोसे झाले आहे ते घेणाऱ्याला हवेसे असावे लागते. कराराची उरलेली वर्षे आणि पगार यांत संघ बदलला म्हणून काहीही फरक पडत नाही. म्हणूनच व्यवहाराची बातमी वाचताना खेळाडूच्या नावाइतकेच लक्ष त्याच्या कराराकडे द्यावे.

सर्वाधिक गुण मिळवणारा बचावपटू सर्वाधिक मोलाचा नसतो का?

नसतो, आणि याचे सर्वांत ठळक उदाहरण एरिक कार्लसन हे आहे. २०२२-२३ च्या हंगामात सॅन होजे शार्क्सकडून खेळताना त्याने २५ गोल आणि ७६ असिस्ट (साथीदाराच्या गोलला केलेले साहाय्य) मिळून १०१ गुण मिळवले आणि सर्वोत्कृष्ट बचावपटूचा नॉरिस करंडक जिंकला. ऑगस्ट २०२३ मध्ये त्याला पिट्सबर्ग पेंग्विन्सकडे पाठवताना, मॉन्ट्रियललाही सामील करून घेतलेल्या तिहेरी व्यवहारात, शार्क्सच्या हाती आले ते पिट्सबर्गची २०२४ ची पहिल्या फेरीतील निवड आणि मिकाएल ग्रॅनलंड, यान रुटा व माइक हॉफमन हे तीन अनुभवी खेळाडू, ज्यांचे पगार दुसऱ्या संघांना जड झाले होते. शिवाय शार्क्सने त्याच्या पगारातील दरवर्षीचे १५ लाख डॉलर स्वतःच्या माथी ठेवले.

कारणे उघड होती. कार्लसन तेव्हा ३३ वर्षांचा होता, त्याच्या करारातील १ कोटी १५ लाख डॉलरची आणखी चार वर्षे शिल्लक होती, आणि ज्या हंगामात त्याने १०१ गुण मिळवले त्याच हंगामात तो बर्फावर असताना संघाचे गोलांचे गणित उणे २६ वर गेले होते. शार्क्सचा संघच त्या वर्षी दुबळा होता, त्यामुळे या उणे आकड्याचा सगळा दोष त्याच्यावर टाकणे अन्यायाचे ठरेल; पण विकत घेणारा संघव्यवस्थापक न्यायनिवाडा करायला बसलेला नसतो. सामान्य संघात मिळालेले गुण आपल्या संघात, वेगळ्या पॉवर प्लेमध्ये (प्रतिस्पर्ध्याचा एक माणूस कमी असतानाच्या खेळात), तितकेच मिळतील का आणि वयाच्या ३६ व्या वर्षी हा माणूस कसा खेळत असेल, एवढेच तो पाहतो.

मग गुणांऐवजी काय पाहावे?

मिनिटे पाहावीत, आणि ती कसली मिनिटे आहेत हे पाहावे. सामना ६० मिनिटांचा असतो आणि दोन्ही बाजूंचे सर्व खेळाडू बर्फावर असताना प्रत्येक संघाचे दोन बचावपटू खेळत असतात. म्हणजे सुमारे १२० बचावपटू-मिनिटे साधारणपणे सहा जणांत वाटायची असतात. सर्वांना सारखी वाटली तर प्रत्येकाला २० मिनिटे येतील. प्रत्यक्षात पहिल्या जोडीतील खेळाडू २४-२५ मिनिटे खेळतो आणि तिसऱ्या जोडीतील खेळाडू १५-१६ मिनिटांवर राहतो. प्रशिक्षकाचा खरा अभिप्राय या वाटपात दिसतो, पत्रकार परिषदेत क्वचितच.

पण २४ मिनिटांतही प्रकार आहेत. एखादा बचावपटू त्यातील चार मिनिटे पॉवर प्लेवर घालवतो. दुसरा तेवढीच मिनिटे आपला माणूस कमी असताना गोल अडवण्यात घालवतो. एकाची पाळी बहुतेक वेळा प्रतिस्पर्ध्याच्या क्षेत्रातील फेसऑफने (पक, म्हणजे खेळाची रबरी चकती, टाकून खेळ सुरू करण्याने) सुरू होते, दुसऱ्याची स्वतःच्या गोलासमोर. एकाला समोर प्रतिस्पर्ध्यांची चौथी फळी मिळते, दुसऱ्याला कॉनर मॅकडेव्हिडसारखा अव्वल आक्रमक. कागदावर दोघांची मिनिटे सारखीच दिसतात, पण दुसऱ्याची जागा भरून काढायला माणूस मिळत नाही.

फेब्रुवारी २०२३ अखेर एडमंटन ऑइलर्सने मॅटियास एकहोमला नॅशव्हिल प्रेडेटर्सकडून आणले, तो व्यवहार याबाबत फार बोलका आहे. एडमंटनने त्याच्यासाठी पहिल्या फेरीची निवड आणि रीड शेफर हा तरुण खेळाडू दिलाच, पण टायसन बॅरीलाही दिले, आणि बॅरी म्हणजे त्यांच्या पॉवर प्लेची सूत्रे निळ्या रेषेवरून (प्रतिस्पर्ध्याच्या क्षेत्राच्या सीमारेषेवरून) हलवणारा बचावपटू. त्या हंगामात एडमंटनचा पॉवर प्ले ३२.४ टक्के वेळा यशस्वी झाला, हा लीगचा विक्रम ठरला. असा माणूस देऊन, वर आणखी मोल मोजून, ३२ वर्षांचा, पॉवर प्लेवर फारसा न वापरला जाणारा एकहोम घेण्यात व्यवस्थापनाचा हिशेब असा होता की मॅकडेव्हिड आणि लिऑन ड्रायसाइटल असताना बॅरीची जागा एव्हन बूशार्ड घेऊ शकेल, पण दोन्ही बाजूंचे खेळाडू सारखे असताना रोज रात्री प्रतिस्पर्ध्याच्या पहिल्या फळीला रोखणारा माणूस त्यांच्याकडे नव्हता. पॉवर प्ले बूशार्डच्या हातीही तसाच चालत राहिला, आणि एडमंटन २०२४ व २०२५ मध्ये सलग दोन वेळा अंतिम फेरीत पोहोचला.

आधुनिक आकडेवारीवर कितपत विसंबावे?

बरीच विसंबावी, पण एकट्या हंगामावर नाही. बफेलोचे गोलरक्षक-प्रशिक्षक जिम कोर्सी यांच्या नावाने ओळखला जाणारा कोर्सी हा आकडा खेळाडू बर्फावर असताना दोन्ही बाजूंनी झालेल्या फटक्यांच्या प्रयत्नांची तुलना करतो. अपेक्षित गोलांचा आकडा त्या फटक्यांची जागा आणि प्रकार पाहून त्यांना वजन देतो. बचावपटूच्या बाबतीत मुख्य अडचण जोडीदाराची असते. केल मकारसारख्या अव्वल बचावपटूसोबत खेळणाऱ्याचे आकडे चांगले येणारच. म्हणून तो मकारशिवाय खेळला तेव्हा काय झाले, आणि मकार त्याच्याशिवाय खेळला तेव्हा काय झाले, या दोन्ही बाजू तपासाव्या लागतात. खेळाडू बर्फावर असताना गोलरक्षकाने किती टक्के फटके अडवले या आकड्यावर मात्र बचावपटूचा ताबा जवळजवळ नसतो, तरीही अधिक-उणे हा आकडा (खेळाडू बर्फावर असताना संघाने केलेल्या आणि खाल्लेल्या गोलांतील फरक) मुख्यतः त्यावरच हलतो. अधिक-उण्याच्या एका वर्षाच्या आकड्यावरून कोणी खेळाडूची किंमत ठरवत असेल, तर त्या चर्चेत फार वेळ घालवू नये.

उजव्या बाजूने फटकावणाऱ्या बचावपटूला जास्त भाव का मिळतो?

कारण असे खेळाडू कमी आहेत. लीगमध्ये डाव्या बाजूने स्टिक धरणारे बहुसंख्य आहेत, आणि प्रशिक्षकांना प्रत्येक जोडीत एक डावा व एक उजवा हवा असतो. निळ्या रेषेवर उजव्या कडेला उभ्या असलेल्या बचावपटूकडे पक मैदानाच्या कडेच्या लाकडी फळीला घासत वेगाने येतो, तेव्हा उजव्या स्टिकवाल्याचे पाते आधीच फळीच्या बाजूला असते. डाव्या स्टिकवाल्याला उलट्या हाताने तो थांबवावा लागतो, आणि निसटला तर प्रतिस्पर्धी एकटा पुढे धावतो. आपल्या कोपऱ्यातून पक उचलून, वळून, फळीलगतच्या साथीदाराला पास देतानाही हाच फरक पडतो. डाव्या स्टिकवाल्याला उजव्या कडेने मैदानाच्या मध्याकडे फटका मारायला कोन चांगला मिळतो हे खरे, पण बचावातील गैरसोयीपुढे तो फायदा थोडा आहे.

२९ जून २०१६ रोजी एडमंटनने टेलर हॉल हा २०१० च्या ड्राफ्टमधील पहिला खेळाडू न्यू जर्सी डेव्हिल्सला दिला आणि एकाच्या बदल्यात एक म्हणून अ‍ॅडम लार्सनला घेतले. हॉलने त्या हंगामात ६५ गुण मिळवले होते, लार्सनने १८. दोन वर्षांनी हॉल ९३ गुण मिळवून हार्ट करंडकाचा, म्हणजे लीगच्या सर्वांत मोलाच्या खेळाडूच्या बहुमानाचा मानकरी ठरला. तेव्हापासून हा व्यवहार चुकीच्या मूल्यमापनाचा नमुना म्हणून सांगितला जातो. माझ्या मते एडमंटनने जास्त मोजले यात शंका नाही, परंतु २३ वर्षांचा, उजव्या हाताचा, अवघ्या ४१ लाख ६७ हजार डॉलरवर पाच वर्षे बांधलेला बचावपटू बाजारात क्वचित येतो, आणि पुढच्याच हंगामात एडमंटन २००६ नंतर प्रथमच प्लेऑफमध्ये, म्हणजे नियमित हंगामानंतरच्या बाद फेऱ्यांत, पोहोचला, हेही त्याच गोष्टीचा भाग आहे. त्या प्रवेशाचे मोठे श्रेय निरोगी मॅकडेव्हिडला जाते, एवढी पुस्ती जोडायला हवी.

पगारमर्यादेचा किमतीवर कसा परिणाम होतो?

२००४-०५ चा संपूर्ण हंगाम मालक-खेळाडूंच्या वादातून झालेल्या टाळेबंदीत वाहून गेल्यानंतर एनएचएलमध्ये कडक पगारमर्यादा, म्हणजे एका संघाच्या खेळाडूंच्या एकूण पगारावरची मर्यादा, आली. तिच्यामुळे चांगला खेळाडूदेखील संघाला परवडेनासा होतो, आणि ज्याच्याकडे जागा मोकळी असते त्याला तो स्वस्तात मिळतो. करोनाच्या काळात ही मर्यादा ८ कोटी १५ लाख डॉलरवर गोठली. ऑक्टोबर २०२० मध्ये न्यू यॉर्क आयलंडर्सना डेव्हन टेव्जला नवा करार देणे जड जाणार हे सर्वांना ठाऊक होते, आणि कोलोराडो अ‍ॅव्हलांचने त्याला फक्त दुसऱ्या फेरीच्या दोन निवडींच्या बदल्यात उचलले. वर्षाला ४१ लाख डॉलरच्या करारावर तो मकारचा जोडीदार झाला आणि २०२२ मध्ये कोलोराडोने स्टॅन्ली कप, म्हणजे लीगचे विजेतेपद, जिंकला. गेल्या दहा वर्षांतील बचावपटूंच्या व्यवहारांत घेणाऱ्याला इतके लाभदायक ठरलेले दुसरे उदाहरण मला सापडत नाही.

टॅम्पा बे लाइटनिंगनेही २०२२ च्या उन्हाळ्यात रायन मॅकडोनाला, दोन विजेतेपदांत मोलाचा वाटा असलेल्या बचावपटूला, पगाराची जागा मोकळी करण्यासाठी नॅशव्हिलला जवळजवळ देऊन टाकले, आणि २०२४ मध्ये परत आणले.

‘पगार राखून ठेवणे’ म्हणजे काय?

खेळाडू देणारा संघ त्याच्या पगाराचा जास्तीत जास्त अर्धा भाग आपल्या मर्यादेत ठेवू शकतो. असे तीनच करार एका वेळी एका संघाला ठेवता येतात, म्हणून ही जागासुद्धा विकाऊ वस्तू बनते. एप्रिल २०२१ मध्ये डेव्हिड सवार कोलंबस ब्लू जॅकेट्सकडून टॅम्पाकडे गेला, तेव्हा त्याचा पगार ४२ लाख ५० हजार डॉलर होता. कोलंबसने अर्धा राखला, म्हणजे २१ लाख २५ हजार उरले. मध्ये आणलेल्या डेट्रॉइट रेड विंग्जने उरलेल्याचा अर्धा राखला. टॅम्पाच्या खात्यावर आले १० लाख ६२ हजार ५०० डॉलर. कोलंबसला पहिल्या आणि तिसऱ्या फेरीची निवड मिळाली, तर डेट्रॉइटला केवळ मधल्या मुक्कामाचे भाडे म्हणून चौथ्या फेरीची निवड. टॅम्पाने त्या वर्षी कप जिंकला. २०२५-२६ पासून मात्र दुसऱ्यांदा पगार राखण्यापूर्वी नियमित हंगामातील ७५ दिवस जावे लागतात, त्यामुळे एका दिवसात असा दुहेरी व्यवहार उरकणे आता शक्य नाही.

करार संपत आलेल्या बचावपटूसाठी पहिल्या फेरीची निवड देणे शहाणपणाचे आहे का?

प्लेऑफमध्ये सामने खडतर होतात, दुखापती वाढतात, आणि बचावाच्या सहा जागांपैकी दोन अचानक रिकाम्या झाल्याने गाडे अडल्याचे प्रत्येक व्यवस्थापकाने पाहिलेले असते. त्या भीतीची किंमत मार्चमध्ये वसूल होते. सवारच्या व्यवहाराचा टॅम्पाला लाभ झाला. परंतु मार्च २०२२ मध्ये फ्लोरिडा पँथर्सने बेन शिआरोसाठी मॉन्ट्रियलला पहिल्या फेरीची निवड, चौथ्या फेरीची निवड आणि एक होतकरू खेळाडू दिला, दुसऱ्या फेरीत त्यांना टॅम्पाने ४-० ने गारद केले, आणि उन्हाळ्यात शिआरो डेट्रॉइटला निघून गेला. दोन्ही वेळी मोजलेली किंमत साधारण सारखी होती. एकहोमसारख्या खेळाडूच्या करारात आणखी तीन हंगाम शिल्लक असतील, तर तीच पहिल्या फेरीची निवड खर्च करणे अधिक पटते.

वयाचा हिशेब कसा करावा?

हॉल-लार्सन व्यवहाराच्याच दिवशी मॉन्ट्रियलने पी. के. सुबानला नॅशव्हिलला दिले आणि शे वेबरला घेतले. सुबान २७ वर्षांचा होता आणि त्याचा ९० लाख डॉलरचा करार २०२२ पर्यंत होता. वेबर ३० वर्षांचा, आणि त्याचा १४ वर्षांचा, ११ कोटी डॉलरचा करार २०२६ पर्यंत. जवळजवळ सर्वांनी नॅशव्हिलची बाजू उचलून धरली, आणि २०१७ मध्ये नॅशव्हिल अंतिम फेरीत पोहोचल्यावर तर वाद मिटल्यासारखाच झाला. त्यानंतर सुबानचा खेळ झपाट्याने उतरला. २०१९ मध्ये तो न्यू जर्सीकडे गेला तेव्हा नॅशव्हिलला दुसऱ्या फेरीच्या दोन निवडी आणि दोन बेताचे खेळाडू एवढेच मिळाले. इकडे वेबरच्या नेतृत्वाखाली मॉन्ट्रियल २०२१ मध्ये अंतिम फेरीत गेला, आणि तीच त्याची शेवटची मालिका ठरली. दुखापतींनी त्याला पुन्हा खेळू दिले नाही.

यावरून वय बिनमहत्त्वाचे ठरत नाही. वेगावर आणि जोखमीवर उभा असलेला खेळ व जागा पकडण्यावर आणि ताकदीवर उभा असलेला खेळ वेगवेगळ्या गतीने ओसरतात, म्हणून केवळ जन्मसाल पाहून भाव ठरवू नये. या कहाणीला एक विलक्षण शेपूटही आहे. वेबर खेळणे थांबल्यानंतरही त्याच्या कराराची अदलाबदल होत राहिली: २०२२ मध्ये मॉन्ट्रियलने तो वेगास गोल्डन नाइट्सना देऊन येवगेनी दादोनोव हा खेळता आक्रमक मिळवला, आणि पुढे वेगासने तो अ‍ॅरिझोनाकडे ढकलला. दीर्घकालीन जखमींसाठी मर्यादेत मिळणारी सवलत आणि पगाराची किमान पातळी गाठण्याची काही संघांची गरज, यांमुळे न खेळणाऱ्या बचावपटूलाही गिऱ्हाईक मिळते.

तरुण बचावपटूंची किंमत लावणे अवघड का असते?

आक्रमक खेळाडू विशीच्या सुरुवातीलाच बहरतात, बचावपटूंना वेळ लागतो. अ‍ॅडम फॉक्सला २०१६ मध्ये कॅल्गरी फ्लेम्सने तिसऱ्या फेरीत, ६६ व्या क्रमांकावर निवडले. २०१८ मध्ये डगी हॅमिल्टनच्या मोठ्या व्यवहारात त्याचे हक्क कॅरोलायना हरिकेन्सकडे गेले. फॉक्स तेव्हा हार्वर्डमध्ये शिकत होता, आणि त्याला न्यू यॉर्क रेंजर्सकडेच खेळायचे आहे हे लपून राहिले नव्हते; शिक्षण पूर्ण झाल्यावर तो मोकळा होणार होता. म्हणून एप्रिल २०१९ मध्ये कॅरोलायनाने दुसऱ्या फेरीची एक निवड आणि एक सशर्त निवड घेऊन त्याला रेंजर्सकडे जाऊ दिले. दोन वर्षांनी तो नॉरिस करंडकाचा मानकरी ठरला. हा भाव फॉक्सच्या गुणवत्तेचा नव्हताच, विकणाऱ्याच्या अडचणीचा होता. अदलाबदल नाकारण्याचा हक्क करारात असणारे अनुभवी खेळाडूही संघाची अशीच कोंडी करतात: गिऱ्हाईक एकच उरले की भाव पडतो.

पगारमर्यादा वाढू लागल्यावर जुने भाव गैरलागू होतात का?

बऱ्याच अंशी होतात. सेथ जोन्सला शिकागो ब्लॅकहॉक्सने २०२१ मध्ये दिलेला करार आठ वर्षांचा, दरसाल ९५ लाख डॉलरचा होता, आणि तो अतिमहाग म्हणून टीकेचा धनी झाला. जून २०२५ मध्ये मॉन्ट्रियलने नोआ डॉबसनला बरोबर तेवढ्याच रकमेचा आणि तेवढ्याच मुदतीचा करार देऊन आयलंडर्सकडून आणले, आणि त्यासाठी १६ व्या व १७ व्या क्रमांकाच्या निवडी आणि एमिल हाइनेमन दिला. या वेळी पगाराबद्दल फारशी ओरड झाली नाही. २०२१-२२ च्या ८ कोटी १५ लाखांच्या मर्यादेत ९५ लाख म्हणजे सुमारे ११.७ टक्के, २०२५-२६ च्या ९ कोटी ५५ लाखांत तेच सुमारे ९.९ टक्के. करारांची तुलना डॉलरमध्ये न करता मर्यादेच्या टक्क्यांत करावी, एवढा एक बदल केला तरी निम्मे वाद संपतील.

व्यवहार कोणाच्या फायद्याचा झाला, हे किती काळाने सांगता येते?

जोन्सचाच हिशेब पाहावा. २०२१ मध्ये कोलंबसने त्याला, पहिल्या फेरीतील शेवटच्या, ३२ व्या क्रमांकाच्या निवडीसह शिकागोला दिले आणि अ‍ॅडम बोकविस्ट, २०२१ ची १२ व्या क्रमांकाची निवड, दुसऱ्या फेरीची एक निवड व २०२२ ची पहिल्या फेरीची निवड घेतली. १२ व्या क्रमांकावर कोल सिलिंजर आला. शिकागो पुढच्या हंगामात कोसळल्यामुळे २०२२ ची निवड सहाव्या क्रमांकाची ठरली आणि त्यावर डेव्हिड यिरिचेक हा बचावपटू आला. त्या दिवशी निर्णय द्यायचा तर कोलंबसने शिकागोला लुटले, असेच म्हणावे लागले असते. पण बोकविस्टचा करार कोलंबसला पुढे पैसे मोजून मोडावा लागला, आणि यिरिचेक तिथे रुजला नाही. नोव्हेंबर २०२४ अखेर त्याला मिनेसोटा वाइल्डकडे पाठवून कोलंबसने पुन्हा निवडी घेतल्या, त्यांत पहिल्या फेरीची एक होती. शिकागोने मार्च २०२५ मध्ये जोन्सला फ्लोरिडाकडे दिले, वर्षाला २५ लाख डॉलर स्वतःकडे राखले आणि स्पेन्सर नाइट हा तरुण गोलरक्षक व पहिल्या फेरीची एक सशर्त निवड मिळवली. शिकागोत ज्याच्या पगाराची चेष्टा होत असे, तो जोन्स ७० लाख डॉलरच्या हिशेबात, संघाचा पहिला आधार होण्याच्या ओझ्याशिवाय, फ्लोरिडाकडून खेळला आणि जूनमध्ये त्याने स्टॅन्ली कप उचलला. नाइट शिकागोचा मुख्य गोलरक्षक झाला. कोलंबसला मिनेसोटाकडून मिळालेल्या निवडींतून कोण घडते, यावर त्यांच्या बाजूचा हिशेब अजून अवलंबून आहे.